हललात तरच दिसाल

जरा वर बघा. दारातून आत आलात की छताच्या पहिल्याच चौकटीत, ट्यूबलाइटच्या शेजारी, अर्ध्या चेंडूएवढा पांढरा फुगवटा दिसेल. तो मी. बोलतोय तो मीच. फक्त दचकून जागच्या जागी उभे राहू नका, एवढी विनंती. उभे राहिलात की तुम्ही मला दिसेनासे व्हाल, आणि मग मी कोणाशी बोलतोय हे माझं मलाच कळणार नाही.

मी सेन्सर आहे. खोलीत माणूस आला की दिवा लावायचा, माणूस गेला की विझवायचा, एवढंच माझं काम. 'एवढंच' म्हटलं खरं, पण ते तरी मला नीट येतं का, हे मी बराच काळ स्वतःला विचारतो आहे. खात्रीचं उत्तर मिळालं असतं तर गप्प बसलो असतो.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. माझ्यात बारीक तारा जोडणाऱ्या बाईने शेवटी माझ्यासमोरून हात फिरवला. माझ्या पोटातला लाल ठिपका पेटला. "बघतोय," ती शेजारणीला म्हणाली आणि मला खोक्यात टाकलं. माझ्याबद्दल कोणीतरी बोललेला तो पहिला शब्द. मी तो खरा मानला. आज वाटतं, तिने जरा बेतानं बोलायला हवं होतं. मला चेहरा दिसत नाही, कपडे दिसत नाहीत. मला दिसते ती सरकणारी ऊब. अंगाची ऊब एका जागेवरून दुसऱ्या जागी गेली की मला कळतं, कोणीतरी आहे. ऊब जागेवर थांबली की ती माझ्यासाठी भिंतीसारखीच. ऐकू मला सगळं येतं, पण ऐकलेलं सांगायची सोय नाही. माझ्यातून एकच तार बाहेर जाते आणि तिच्यावरून दोनच गोष्टी सांगता येतात. 'आहे' आणि 'नाही'.

हे सगळं माझ्या खोक्यातल्या कागदावर बारीक अक्षरांत छापलेलं होतं. तो कागद युनिटसाहेबांनी चहाच्या कपाखाली घेतला.

युनिटसाहेब म्हणजे कोट शिवणाऱ्या या कारखान्याचे व्यवस्थापक. त्यांचं खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर असेल. विजेच्या युनिटांशिवाय दुसरं बोलणं नाही, म्हणून सगळे मागे त्यांना तसंच म्हणत. आणि त्यांचं अगदीच चुकत होतं असंही मी म्हणणार नाही. आम्ही येण्याआधी इथे दिवे जळत म्हणजे जळतच राहत. माणसांची एक सवय मी पाहिली आहे. खोलीतून शेवटी निघणाऱ्याला नेहमी वाटतं, आपल्यामागे अजून कोणीतरी आहे. त्यामुळे बटण कोणीच बंद करत नाही. गोदामात तर आठवडा-आठवडा कोणी फिरकत नसे आणि ट्यूब मात्र खोक्यांना उजेड देत बसलेली. आम्ही चाळीस भावंडं आलो आणि जिन्यात, गोदामात, संडासात, पॅसेजमध्ये लागलो. महिन्याभरात दिव्यांची वीज निम्म्यावर आली. ते काम चांगलं होतं. त्याचा अभिमान मला आजही सोडवत नाही, आणि सोडावा की नाही तेही कळत नाही.

मला मात्र रफूच्या खोलीत लावलं.

"साहेब, इथे हा चालायचा नाही," शिडीवर चढलेला वायरमन म्हणाला.

"का? आत माणूस बसत नाही?"

"बसतो ना, नुसता बसतोच! हलत नाही. लावायचाच तर बरोबर टेबलाच्या डोक्यावर लावू आणि वेळ अर्धा तास ठेवू."

"दाराजवळ लाव. पाच मिनिटं. सगळ्या खोल्यांना जे, तेच इथे. एकाला सवलत दिली की उद्या माझ्या दारात रांग लागेल."

वायरमनने खांदे उडवले. त्याने मला स्क्रूने आवळलं आणि जाताजाता खालच्या माणसाला म्हणाला, "काका, आता अधूनमधून डास मारत जा."

खालचा माणूस म्हणजे रफूकाका. अडतीस वर्षं त्याच खुर्चीत बसलेले. लोकरी कापडाला कुठे धागा तुटलेला असतो, कुठे कातरीचं टोक लागलेलं असतं, कुठे इस्त्रीने चटका बसलेला असतो. असा कोट त्यांच्याकडे येई. कोटाच्याच आतल्या दुमडीतून ते एक-एक धागा काढत आणि भोकावर सुईने नवं कापड विणत. मूळ विणीत जसा एक धागा वर, एक खाली, तसाच. कोपरं टेबलावर घट्ट रोवलेली, मान वाकलेली, डोळ्याला भिंग. श्वाससुद्धा टाका संपल्यावर सोडायचे. हलत ती फक्त दोन बोटांची टोकं, आणि तीही तांदळाच्या दाण्याएवढी. दारावरून तेवढं मला दिसणं शक्य नव्हतं.

पहिल्याच दिवशी, भोक अर्धं भरलेलं असताना मी दिवा विझवला.

"अरे, मी इथेच आहे," काका म्हणाले आणि त्यांनी डावा हात वर केला. मी दिवा लावला. ते हसले. मलाही गंमत वाटली असावी. पुढे तो हात मी दिवसातून तीस-चाळीस वेळा पाहिला. प्रत्येक वेळी त्यांना सुई पुन्हा शोधावी लागे, धागे पुन्हा मोजावे लागत. हसणं साधारण तिसऱ्या दिवशी थांबलं. मग हातही उशिरा वर येऊ लागला; धरलेला धागा ते अंधारातच चाचपत पुरा करत.

बाकीच्यांचं मात्र सुरूच होतं. "काकांकडे अंधार झाला म्हणजे समजायचं, काका कामाला लागले," असं कटिंगवाले म्हणत. दाराला काचेची चौकट होती. जेवणाच्या सुट्टीत ते तिच्यापलीकडे उभे राहून चहाची पैज लावत, आता किती मिनिटांत विझतो बघू. विझला की काचेवर टकटक आणि आरडाओरडा. ऐकू येई मला. दिसत मात्र ते नसत. काच माझ्यासाठी भिंतच.

काकांनी घरून टेबलावरचा दिवा आणला. तो फाटकावरच अडवला गेला. साहेबांचा हुकूम होता, खासगी दिवा आत आणायचा नाही. मग त्यांच्या मुलीने डोकं चालवलं. ती याच कारखान्यात पॅकिंगला होती आणि दुपारचा डबा दोघं काकांच्या खोलीत खात. तिने पंख्याच्या जाळीला कागदाच्या झिरमिळ्या बांधल्या.

"बघा बाबा. आता या नाचतील, तुम्ही स्वस्थ बसा."

झिरमिळ्या दिवसभर फडफडल्या. दिवा दिवसभर विझत राहिला. थंड कागद मला दिसत नाही, मी काय करू?

"मेला आंधळा आहे हा," ती माझ्याकडे बघून म्हणाली.

आंधळाही पुरता नाही, हेच तर वाईट. एका सुट्टीच्या दिवशी गोदामातली मांजर खोलीत शिरली. ती टेबलावर चढली, उतरली, अंग चाटलं, पुन्हा चढली. मी दिवा लावून ठेवला आणि तारेवरून इमानदारीने कळवत राहिलो, आहे, आहे, आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती सांगायला मी उशीर करतो आहे, हे माझ्या लक्षात आहे.

आमच्या 'आहे' आणि 'नाही'चा हिशेब साहेबांच्या संगणकावर जमा होत असे. कोणत्या खोलीत किती वीज वाचली ते बघण्यासाठी. पहिल्या तिमाहीत, माणसं बसून काम करतात त्या खोल्यांत, सगळ्यात जास्त बचत रफूच्या खोलीत निघाली. साहेब खूश झाले. मग त्यांच्या मनात आलं की एवढी बचत होते कशी? दिवा बंद असतो म्हणून. दिवा बंद का असतो? खोलीत कोणी नसतं म्हणून. आणि विजेचा तो तक्ता त्यांनी हजेरीचा तक्ता म्हणून वाचायला घेतला. इतका शिकलेला माणूस अशी चूक कशी करतो, असं मला आधी वाटलं. आता वाटतं, अशी चूक शिकलेल्या माणसालाच जमते.

ते खोलीत आले. हातात छापील कागद.

"काका, दिवसातले साडेचार तास तुम्ही असता कुठे?"

"इथेच साहेब. या खुर्चीत."

"यंत्र तर नाही म्हणतंय."

"यंत्राला मी दिसत नाही."

"सगळ्या कारखान्यात ते फक्त तुमच्यावरच डूख धरून आहे? आणि हे बघा. मागच्या सुट्टीच्या दिवशी खोलीत सहा तास वावर. कामाच्या दिवशीपेक्षा जास्त! सुट्टीला कोण आलं होतं?"

काकांना मांजर माहीत नव्हती. "मला नाही माहीत साहेब," ते म्हणाले. साहेबांनी त्या उत्तराचीही मनात नोंद केली असणार.

"महिनाभर बघतो," ते म्हणाले. "ऐंशी टक्के हजेरी यंत्राने दाखवली पाहिजे. नाहीतर ही खोली बंद. रफूचं काम बाहेर देऊ, तुम्ही घरी आराम करा."

काकांना आराम नको होता. "घरी काय करू साहेब?" ते म्हणाले, त्या आवाजावरून एवढं मला कळलं.

त्यांच्या बाजूने एकच बाई बोलली. तयार कोट शेवटी तपासणारी तपासनीस. तोंडाने फटकळ, पण काकांचं काम तिला ठाऊक होतं. ती साहेबांना ओढूनच घेऊन आली. "बाहेर, काचेआड उभे राहा आणि डोळ्यांनी बघा. काका, तुम्ही तुमचं करा."

काका कोटावर वाकले. बाहीवर बोटभर फाटलेलं होतं; शेवटचे थोडे टाके राहिले होते. मी त्यांना खुर्ची सरकवताना पाहिलं, कोपरं टेकताना पाहिलं, आणि मग पाहिलं नाही. मला ऐकू येत होता तो लोकरीतून धागा ओढल्याचा बारीक आवाज. सरर, थांब. सरर, थांब. खोलीत माणूस आहे, अगदी पूर्णपणे आहे, हे मला ठाऊक होतं. पाच मिनिटं झाली. मी 'नाही' म्हटलं आणि दिवा विझवला.

"बघितलंत?" बाई जवळजवळ ओरडलीच. "माणूस आत, हात चालू, आणि दिवा गेला!"

दार उघडून दोघं आत आली तेव्हा मी दिवा लावला. त्या क्षणी मला वाटलं, सुटलो. काकाही सुटले आणि मीही सुटलो.

"बघितलं," साहेब म्हणाले. "म्हणजे मी समजत होतो हे खोलीत नसतात. हे असतात, पण काही करत नाहीत."

"अहो साहेब, रफू चालू होतं!"

"आणा तो कोट इकडे. कुठे केलंय रफू? दाखवा."

काकांनी बाही पुढे केली. साहेबांनी ती उलटी केली, सुलटी केली, ट्यूबच्या उजेडात धरली. बोट फिरवलं.

"मला तर इथे काहीच केलेलं दिसत नाही."

"काहीच दिसत नाही ना साहेब?" काका म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद होता. अडतीस वर्षांत कामाची याहून मोठी पावती त्यांना कोणी दिली नव्हती.

"मग झालं तर," साहेब म्हणाले आणि निघून गेले.

त्या दुपारी डबा तसाच राहिला. मुलगी आधी चिडली, मग रडकुंडीला आली.

"बाबा, हला ना जरा! पाय हलवा, मान हलवा, काय वाटेल ते करा. महिनाभराचा तर प्रश्न आहे."

"हात हलला की टाका हलतो गं."

"हलू दे. एवढं कोण बघतं?"

"मी बघतो," काका म्हणाले.

"तुम्ही खुर्चीतच नसाल तर काय बघणार आहात?"

काकांनी डब्याचं झाकण लावलं. पोरगी चुकीचं काही बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून काका हलू लागले. आधी गुडघा. मग खांदा. मग दर तीन-चार टाक्यांनी डावा हात वर, खाली. मान डावीकडे, मान उजवीकडे. कटिंगवाल्यांना नवा खेळ मिळाला. "काका, ताल सुटला बरं का!" काचेआडून आवाज येई. "कंबर राहिली की!" काका हलत राहिले. संध्याकाळी खांद्याला हात लावून ते कण्हत, आणि तो कण्हतानाचा झोकाही मला स्वच्छ दिसे. खरं सांगायचं तर मला ते दिवस आवडले. मला तो माणूस पहिल्यांदाच सबंध दिसत होता. खूप दिवसांनी मी कोणालातरी बरोबर सांगत होतो. आहे, आहे, आहे.

महिनाअखेर आकडा आला, ब्याण्णव टक्के. साहेबांनी फळ्यावर चिठ्ठी लावली. 'मनात आणलं तर सुधारणा होते, याचं उदाहरण.' मुलीने ती चिठ्ठी डबा खाताना म्हणून दाखवली. दोघं खूप दिवसांनी हसली.

आठ दिवसांनी तपासनीस बाई हातावर एक कोट घेऊन आली. आली ती नेहमीसारखी दणदण नव्हे, सावकाश.

"काका, हा तुमच्या हातचा आहे?"

काकांनी भिंग लावलं. मला ते दिसेनासे झाले, इतके ते स्तब्ध झाले. मग खुर्ची करकरली.

"माझाच."

"जखम शिवल्यासारखं दिसतंय हो. गिऱ्हाइकाकडून परत आलाय. असे अकरा आहेत."

"अकरा."

"मी डोळे मिटून पुढे पाठवले काका. तुमचा कोट मी कधी तपासतच नव्हते. आता मला लिहून द्यावं लागेल. नाहीतर माझ्यावर येईल."

"लिहा," काका म्हणाले. "खरं तेच लिहा. वाईट झालंय."

तिने त्यांच्याच टेबलावर टेकून लिहिलं. ज्या एका माणसाला त्यांचं काम कळत होतं, त्याच माणसाने ते काम वाईट आहे अशी सही केली. आणि ते खरं होतं. हजेरी ब्याण्णव टक्के, हेही खरं होतं. इतक्या खऱ्या गोष्टी एकत्र येऊन एवढं खोटं कसं होतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझी अक्कल तिथे संपते.

साहेब आले ते दारातच थांबले. "आधी बसून राहायचात, म्हटलं आळस असेल. आता हात हलतायत, तर कामच येत नाही. वय झालं काका. शनिवारपर्यंत आवरा."

शनिवारी काकांपुढे एकच कोट होता, त्या अकरांतला. त्याचं रफू उसवून पुन्हा करायला कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी कोपरं रोवली, श्वास धरला. पाच मिनिटांनी मी दिवा विझवला. हात वर झाला नाही. मी वाट पाहिली. अंधारात आवाज येत होता, सरर, थांब. सरर, थांब. बोटांनी चाचपून ते विणत होते. दोन तास मी तारेवरून सांगत राहिलो, नाही, नाही, नाही.

मग खुर्ची मागे सरकली आणि मी दिवा लावला. काकांनी कोटाची घडी घातली, सुई सुयांच्या छोट्या गादीत टोचली, भिंग खिशात टाकलं. दारात थांबून त्यांनी वर पाहिलं आणि डावा हात उंचावला. ती दिवा लावायची सवय होती की निरोप होता, मला माहीत नाही. दिवा तर आधीच लागलेला होता.

पाच मिनिटांनी मी तो विझवला. त्या दिवशी ते बरोबर होतं.

तो कोट तपासनीस बाईने उचलून उजेडात धरला. बराच वेळ ती भोक कुठे होतं ते शोधत होती. सापडलं नाही तेव्हा तिने नाक ओढलं, असं मला ऐकू आलं.

आता इथे रिकामी खोकी ठेवतात. दिवस-दिवस कोणी येत नाही. साहेबांच्या तक्त्यात आमची खोली पुन्हा पहिली आहे. पाहुणे आले की ते काचेतून अंधार दाखवतात आणि माझं कौतुक करतात.

आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत काकांची मुलगी आली. खोकी घ्यायला आली असेल. खुर्ची अजून कोपऱ्यात आहे, तिच्यावर ती बसली. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. जेवल्याचा आला नाही. पाच मिनिटांनी ती मला दिसेनाशी झाली आणि मी दिवा विझवला. तिने हात वर केला नाही. दार वाजल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. सुट्टी संपल्यावर बाहेरून कोणीतरी काचेतून डोकावलं, "कोणी नाही इथे," म्हणालं आणि पुढे गेलं.

मी 'नाही' म्हणतो तेव्हा मला फक्त एवढंच म्हणायचं असतं, की काही हललं नाही. बाकीचं तुम्ही तुमच्या मनाने धरता. माझी तार तोडा असं मी म्हणणार नाही. गोदामात, जिन्यात मी उपयोगाचा आहे. पण ज्या खोलीत मी दिवा विझवला आहे, तिच्यापुढून जाताना एकदा दार ढकला. आत जा आणि विचारा, कोणी आहे का?